फेऱ्या मारताना पाण्याखाली ऐकायचे असेल तर

पंचवीस मीटर लांबीच्या तलावात एक किलोमीटर पोहायचे म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ४० वेळा जायचे, आणि या सगळ्या वेळात डोळ्यांसमोर तळाच्या फरशीवरची काळी पट्टी सोडून दुसरे काही नसते. धावणाऱ्याला रस्ता दिसतो, सायकल चालवणाऱ्याला वारा लागतो. पोहणाऱ्याच्या वाट्याला ही पट्टी आणि स्वतःचे बुडबुडे एवढेच येतात. त्यामुळे पोहता पोहता काही ऐकता आले तर किती बरे, असा विचार नियमित पोहणाऱ्यांच्या मनात कधी ना कधी येतोच. तसे ऐकता येते. मात्र उपकरण विकत घेणे हा त्यातला लहान भाग आहे. ऐकण्याजोगे काय ते निवडणे आणि ते पाण्यासाठी तयार करणे हा मोठा भाग, आणि नेमका तोच बहुतेक जण वगळतात. मग चांगले यंत्र आठवड्याभरात कपाटात जाऊन पडते. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा त्या तयारीवर अधिक भर दिला आहे.

पाण्यात कान कसा ऐकतो

हवेतून आलेला आवाज कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतो, पडदा हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांना हलवतो आणि ती कंपने अंतःकर्णातल्या शंखाच्या आकाराच्या नळीत पोहोचतात. ही सगळी रचना हवेसाठी आहे. डोके बुडाले की कानाच्या नळीत पाणी शिरते, पडद्याच्या बाहेर पाणी आणि आत हवा अशी स्थिती होते आणि पडद्याचे हलणे मंदावते. उलट आपल्या शरीराची घनता पाण्याच्या बरीच जवळची असल्यामुळे पाण्यातली कंपने फारशी अडवणूक न होता कवटीत शिरतात आणि तिथून थेट अंतःकर्णात जातात. थोडक्यात, पाण्याखाली आपण मुख्यतः हाडांनी ऐकतो. पाण्यात वापरायची बरीच यंत्रे कानात न घालता हाडावर टेकवायची का असतात, ते यावरून कळेल.

ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १,४८० मीटर. कोलादाँ आणि स्टुर्म या शास्त्रज्ञांनी १८२६ साली जिनिव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून हा वेग मोजला, तेव्हा त्या थंड पाण्यात तो १,४३५ मीटर भरला होता. पोहणाऱ्याच्या दृष्टीने या चौपट वेगाचा परिणाम फार व्यावहारिक आहे. आवाज कोणत्या बाजूने आला हे मेंदू दोन कानांपर्यंत तो पोहोचण्यातल्या सूक्ष्म फरकावरून ठरवतो, आणि पाण्यात हा फरक इतका आक्रसतो की दिशा कळेनाशी होते. आवाज डोक्याच्या आतच उमटल्यासारखा वाटतो. त्यामुळे डाव्या-उजव्या कानांसाठी वेगवेगळे ध्वनिमुद्रण येथे वाया जाते, आणि पुढे फाइल तयार करताना आपण दोन्ही बाजू एकत्र करणार आहोत त्या याच कारणाने.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की त्यातली जेमतेम हजारातल्या एका भागाइतकी ऊर्जा पाण्यात उतरते आणि उरलेली परत फिरते. काठावरून प्रशिक्षक घसा फोडून ओरडत असतात आणि पोहणारा शांतपणे पुढे जात असतो, तो उर्मटपणा नसतो. १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या, संगीतावर चालणाऱ्या तालबद्ध (आता कलात्मक) जलतरणात म्हणूनच ध्वनिक्षेपक पाण्याच्या आत बसवावे लागतात.

फोन काठावर ठेवून का भागत नाही

नवख्याची पहिली कल्पना अशी असते की फोन पिशवीत घालून काठावर ठेवावा आणि ब्लूटूथने आवाज कानापर्यंत आणावा. खोलीत हे उत्तम चालते. पाण्यात ते काही सेंटिमीटरपलीकडे चालत नाही, कारण ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरी वापरते आणि त्या लहरी पाणी झपाट्याने शोषून घेते. घरातली मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा साधारण याच वारंवारतेवर अन्नातले पाणी तापवते, यावरून काय ते समजावे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डोके वर आले की गाणे येते आणि खाली गेले की तुटते. फ्रीस्टाइलमध्ये तेवढेही नशिबी येत नाही.

यावर काही जण एक युक्ती करतात. ज्यात गाणी साठवता येतात असे जलरोधक घड्याळ मनगटावर न बांधता ते डोक्यामागे टोपीखाली, हेडफोनला जवळजवळ टेकवून ठेवतात. अंतर दोन-चार सेंटिमीटरच राहिल्यामुळे जोडणी बहुधा टिकते. ज्यांना सशुल्क अ‍ॅपमधलीच पुस्तके ऐकायची आहेत त्यांच्यासाठी हा मार्ग उपयोगी आहे. बाकीच्यांनी मात्र ज्याच्या पोटातच साठवणुकीची सोय आहे असे यंत्र घ्यावे, हाच सरळ उपाय.

यंत्र निवडताना

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पहिला हाडांवर टेकणारा. शॉक्झ कंपनीच्या ओपनस्विममध्ये मानेमागून जाणारी पट्टी असते, कानांच्या पुढच्या हाडांवर दोन कंपक टेकतात आणि आत ४ गीगाबाइट साठवण आहे. त्याच कंपनीच्या ओपनस्विम प्रोमध्ये ३२ गीगाबाइट साठवणीबरोबर ब्लूटूथही आहे, पण ते कोरड्या जमिनीवरच्या व्यायामासाठी. फिनिस कंपनीच्या ड्युओमध्ये पट्टी नसते. दोन तुकडे गॉगलच्या पट्ट्यात अडकवून गालाच्या हाडावर टेकवायचे असतात. दुसरा प्रकार कानात बसणारा. सोनीच्या एनडब्ल्यू-डब्ल्यूएस४१३ या वॉकमनमध्ये ४ गीगाबाइट साठवण आहे, तो खाऱ्या पाण्यातही चालतो आणि त्याच्यासोबत पोहण्यासाठी वेगळी रबरी बोंडे मिळतात.

यातले चांगले कोणते, हे पोहणाऱ्याच्या कानांवर अवलंबून आहे. कानात बसणाऱ्या यंत्राचा आवाज अधिक भरीव लागतो, पण बोंडाने कानाची नळी पूर्ण बंद केली तरच. एक थेंब आत शिरला की सारे मातीमोल होते आणि पोहण्याच्या मध्यावर ते दुरुस्त करता येत नाही. हाडांवरच्या यंत्राचा आवाज हवेत ऐकला तर पातळ आणि केविलवाणा वाटतो. दुकानात तो कानाला लावून पाहणारे म्हणूनच निराश होऊन परततात. त्याची खरी परीक्षा कानात इअरप्लग घालून, डोके पाण्यात घातल्यावरच होते. माझे मत विचाराल तर नव्याने सुरुवात करणाऱ्याने हाडांवरचेच घ्यावे, कारण त्यात बिघडण्याजोगे थोडे असते.

खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ असे छापलेले असणे पुरेसे नाही. धूळ आणि पाणी यांपासूनचे संरक्षण सांगणाऱ्या आयपी या अक्षरांनंतर दोन अंक असतात (पहिल्याच्या जागी कधी एक्स हे अक्षर असते). त्यातला दुसरा पाण्याचा. हा अंक ७ असेल तर ते यंत्र एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास टिकल्याची चाचणी झालेली असते, आणि ८ असेल तर त्याहून कठीण चाचणी, जिची खोली आणि कालावधी उत्पादकाने सांगायचा असतो. पोहण्यासाठी ८ हवा. त्याहून कमी अंकाची, घाम आणि पाऊस यांसाठी बनवलेली धावपटूंची हेडफोन दिसायला अगदी तशीच असतात आणि विक्रेते ती बिनदिक्कत ‘पाण्यात चालतात’ म्हणून देतात. त्यांत साठवणही नसते, त्यामुळे ती येथे दुहेरी निरुपयोगी आहेत. ही चाचणी गोड्या पाण्यातली असते हेही लक्षात घ्यावे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी स्पर्धेसाठी समुद्रात सराव करणाऱ्यांनी खाऱ्या पाण्याबद्दल उत्पादकाने काय लिहिले आहे ते वेगळे वाचावे.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी आणि ती म्हणजे बटणे. ओल्या, आकसलेल्या बोटांनी टोपीवरून चाचपून ती सापडली पाहिजेत. स्पर्शाने चालणारी गुळगुळीत पाटी पाण्यात कुचकामी ठरते, कारण पाणी हेच तिला बोट वाटते.

ऐकायचे काय

पाण्यात शब्द हरवणारच. श्वास सोडताना उठणारे बुडबुडे नाकातोंडापासून निघून थेट कानांजवळून जातात आणि त्यांचा गडगडाट बोलण्यातली व्यंजने खाऊन टाकतो. भिंतीपाशी टर्न घेताना दोन-तीन सेकंद काहीच कळत नाही. श्वास घेण्यासाठी डोके वळले की एक कान हवेत येतो आणि आवाजाचा पोत बदलतो. २५ मीटरच्या तलावात टर्न तर दर अर्ध्या-पाऊण मिनिटाने येतो. म्हणून कशातले शब्द हरवले तरी चालतील, या एकाच कसोटीवर साहित्य निवडावे.

मी पहिल्या दिवशी रहस्यकथा लावली होती. खुन्याचे नाव उच्चारले गेले त्याच क्षणी माझे पाय भिंतीवर आपटले, आणि मागे जाण्याचे बटण शोधता शोधता शेजारच्या लेनमधल्या गृहस्थांच्या पोटाला माझे कोपर लागले. त्यानंतर मी रहस्यकथा घरी ऐकतो.

सर्वांत सोपे असते ते पाठ असलेले संगीत. भावगीत असो वा नाट्यपद, ओळ माहीत असली की हरवलेला तुकडा स्मरणशक्ती भरून काढते आणि पोहणाऱ्याला खंड पडल्याचे जाणवतही नाही. शास्त्रीय संगीतात मात्र निवड करावी लागते. विलंबित ख्यालाचा आरंभ, मंद्र सप्तकातली आलापी, तानपुऱ्याचा झंकार हे सगळे इतके हळुवार असते की बुडबुड्यांखाली ते शिल्लक राहत नाही. तेच द्रुत बंदिशीपासून पुढचे ध्वनिमुद्रण चांगले ऐकू येते. ढोलकी, झांज आणि टाळ यांचे टोकदार आवाज पाण्यातही उठून दिसतात. डग्ग्याचा घुमारा हाडांवरच्या यंत्रात नको इतका फुगतो आणि गालाला गुदगुल्या करतो, त्याचा बंदोबस्त पुढे सांगितला आहे.

बोललेल्या शब्दांमध्ये कीर्तन आणि प्रवचन हे प्रकार पाण्यासाठीच निर्माण झाले असावेत असे कधी कधी वाटते. कीर्तनकार महत्त्वाची ओळ एकदा म्हणून थांबत नाही. तो ती पुन्हा म्हणतो, गातो, दृष्टान्त देऊन पुन्हा तिच्याकडे येतो, त्यामुळे एक फेरी हुकली तरी धागा सुटत नाही. दोघांच्या गप्पांचे पॉडकास्टही चालतात, मात्र दोघांचे आवाज एकमेकांपासून वेगळे ओळखू येणारे असावेत. एकाच वक्त्याचे घट्ट विणलेले व्याख्यान आधी एकदा जमिनीवर ऐकून मग पाण्यात दुसऱ्यांदा ऐकावे; दुसऱ्या ऐकण्याचा खरा आनंद तिथे मिळतो. पाठांतरासाठीही ही जागा उत्तम आहे. श्लोक, ओवी किंवा शिकत असलेल्या जर्मन भाषेतली दहा वाक्ये स्वतः सावकाश म्हणून, प्रत्येक वाक्य चार वेळा येईल अशी ध्वनिफीत केली तर पट्टी मोजत जाणाऱ्या मनाला ते काम आवडते.

पोहण्याच्या प्रकारानेही फरक पडतो. बॅकस्ट्रोकमध्ये दोन्ही कान सतत पाण्यात असतात आणि श्वास हवेत सोडला जातो, म्हणून सर्वांत स्वच्छ ऐकू येते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. बटरफ्लाय मारताना काही ऐकण्याची इच्छा ज्याला होते त्याच्या फुफ्फुसांना नमस्कार.

फाइल तयार करणे

स्टोरीटेलसारख्या श्राव्य पुस्तकांच्या अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेले पुस्तक त्या अ‍ॅपच्या कुलुपातच राहते. ते यंत्रावर उतरवता येत नाही. त्यामुळे ज्याची मोकळी फाइल हाती येते असेच साहित्य येथे उपयोगाचे: जे पॉडकास्ट फाइल उतरवून घेऊ देतात ते, स्वतःजवळच्या सीडींवरून उतरवलेले संगीत, रीतसर विकत घेतलेल्या एमपी३ फाइली, आणि घरातल्या कोणी वाचून मुद्रित केलेले पान. शेवटचा प्रकार कमी लेखू नये. ओळखीचा आवाज बुडबुड्यांतूनही अनोळखी आवाजापेक्षा लवकर कळतो.

संगणकावर ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे आणि त्यात फाइल उघडून पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात. प्रथम दोन्ही बाजू मिसळून एक करावी, कारण पाण्यात डावे-उजवे उरत नाही हे आपण पाहिले. मग १०० ते १२० हर्ट्झच्या खालचा भाग, म्हणजे अगदी खालचे स्वर, हाय-पास फिल्टरने कापावा. कानाची नळी इअरप्लगने बंद असली की हाडांतून येणारे खालचे स्वर आपोआप फुगतात, आणि ते आधीच कमी केले नाहीत तर भारदस्त आवाजाचा वक्ता माठात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो. त्यानंतर कंप्रेसर वापरून हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर घटवावे. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. घरी बसून ऐकताना वक्त्याने आवाज खाली आणला की आपण कान टवकारतो. पाण्यात तसे करता येत नाही, तो भाग सरळ नाहीसा होतो. कंप्रेसरनंतरचे ध्वनिमुद्रण घरच्या स्पीकरवर सपाट आणि काहीसे रांगडे वाटले पाहिजे. तसे वाटले तर ते पाण्यात नीट लागेल. शेवटी नॉर्मलाइझ करून एकूण पातळी वर आणावी, म्हणजे दोन फाइलींमध्ये आवाजाचे बटण दाबण्याची वेळ येत नाही.

वेग वाढवण्याचा मोह टाळावा. घरी दीडपट वेगाने पॉडकास्ट ऐकणाऱ्यांनीही येथे मूळ वेगच ठेवावा, किंबहुना भरभर बोलणाऱ्याला थोडे सावकाश करावे.

आता तुकडे पाडावेत. या यंत्रांना पडदा नसतो आणि दीड तासाच्या फाइलमध्ये मध्येच उडी मारण्याची सोय बहुधा नसते. काल ५२व्या मिनिटाला थांबलो होतो ही माहिती उपयोगी पडत नाही. पाच ते दहा मिनिटांचे तुकडे केले की पुढचे बटण चार वेळा दाबून योग्य जागी येता येते. ऑडॅसिटीत ठरावीक अंतरावर खुणा घालून सर्व तुकडे एकदम वेगळे काढता येतात. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी स्वतःच्या आवाजात ‘भाग सात’ असे म्हणून ठेवावे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण जे यंत्र दाखवू शकत नाही त्याने निदान सांगावे तरी. बोलण्यासाठी एकाच बाजूचे, ६४ केबीपीएसचे (म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटचे) एमपी३ पुरे होते. असा एक तास साधारण २९ मेगाबाइट जागा घेतो, म्हणजे ४ गीगाबाइटमध्ये १३० तासांच्या आसपास साहित्य मावते. जागेची चिंता करून ध्वनीचा दर्जा याहून खाली नेण्याचे कारण नाही.

फाइलींची नावे ००१, ००२ अशी क्रमाने द्यावीत. तरीही क्रम चुकला तर गोंधळू नये: काही यंत्रे नावाकडे न पाहता ज्या क्रमाने फाइली आत आल्या त्याच क्रमाने वाजवतात. एकदम शंभर फाइली उचलून टाकल्या की संगणक त्या मनाला येईल त्या क्रमाने पाठवतो. अशा वेळी यंत्र पूर्ण रिकामे करून, थोड्या थोड्या फाइली क्रमाने चढवाव्यात. ज्यांच्याकडे अ‍ॅपलचा संगणक आहे त्यांच्या यंत्रात टिंब आणि अधोरेखेने सुरू होणाऱ्या छुप्या फाइली शिरतात, आणि त्या वाजवायला जाऊन काही यंत्रे मध्येच गप्प बसतात. त्या शोधून काढून टाकाव्यात.

स्वतःच्या आवाजातला प्रशिक्षक

गाणी आणि गोष्टी यांपलीकडचा एक उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो म्हणजे आपल्या व्यायामाच्या सूचना आपणच मुद्रित करून ऐकणे. सार्वजनिक तलावावरची बॅच साधारण पाऊण तासाची असते, आणि शॉवर, टोपी, गॉगल यांत वेळ गेल्यावर ३५ मिनिटे उरतात असे धरू. शंभर मीटरला अडीच मिनिटे घेणाऱ्या माणसाने पहिली ६ मिनिटे २०० मीटर सावकाश पोहण्यासाठी ठेवावीत आणि त्यावर एखादे गाणे घालावे. मग ‘आता पन्नास मीटर, आठ वेळा’ अशी सूचना आणि दर ९० सेकंदांनी एक टोकदार टोला. पन्नास मीटरला ७५ सेकंद लागत असल्यामुळे प्रत्येक वेळी १५ सेकंद विश्रांती मिळते आणि हा भाग १२ मिनिटांत संपतो. पुढची १० मिनिटे सलग ४०० मीटर, त्यावर प्रवचन किंवा गप्पा. शेवटी ३ मिनिटांत हलके १०० मीटर. एकूण ३१ मिनिटे आणि ११०० मीटर. भिंतीवरचे घड्याळ दिसत नाही ही तक्रारही यात मिटते.

टोल्यासाठी घंटेचा लांबणारा नाद घेऊ नये. लाकडावर लाकूड आपटल्यासारखा, झटकन संपणारा आवाज बुडबुड्यांतून अधिक स्पष्ट कळतो. हातांची लय सुधारायची असेल तर दर १.२ सेकंदाला एक टोला असलेली, म्हणजे मिनिटाला ५० हात बसवणारी फाइल करावी आणि दोन-तीन आठवड्यांनी अंतर थोडे कमी करावे. गाण्याच्या ठेक्यावर हात मारण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. गाण्याचा ठेका आपल्या दमाचा विचार करीत नाही, आणि उडत्या गाण्यावर हात भरभर फिरू लागले की पाण्यावरची पकड सुटते.

डोक्यावर बसवणे

हाडांवरचे यंत्र वापरणाऱ्याने आधी कानाभोवतालची तेलाची आणि सनस्क्रीनची ओल पुसावी. त्वचा आणि कंपक यांच्यामध्ये केस किंवा दुसरे काहीही येता कामा नये. प्रथम यंत्र घालावे, कंपक कानाच्या पुढच्या उंचवट्यावर बोटाने किंचित पुढे-मागे सरकवून जिथे सर्वांत मोठा आवाज लागतो ती जागा शोधावी. काहींना ती कानामागच्या हाडावर सापडते, आणि त्यात गैर काही नाही. मग इअरप्लग, त्यावर सिलिकॉनची टोपी कंपकांना दाबून धरेल अशी खाली ओढून, आणि शेवटी गॉगल. त्याचा पट्टा मानेमागच्या पट्टीच्या वरून जावा. कापडी टोपी हे दाबण्याचे काम करीत नाही. इअरप्लग अनावश्यक वाटतात, पण त्यांनी पाण्याची खळखळ बाहेर राहते आणि आतला आवाज भरतो. फरक एवढा असतो की एकदा वापरल्यावर माणूस ते विसरून तलावावर जात नाही.

कानात बसणारे यंत्र असेल तर दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून नळी सरळ करावी, बोंड फिरवत आत बसवावे आणि मोठ्याने ‘ओम्’ म्हणावे. स्वतःचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच घुमला तर कान बंद झाले आहेत. एका बाजूला घुमत नसेल तर त्या कानासाठी वेगळ्या मापाचे बोंड लागेल. दोन कानांची मापे सारखी असतातच असे नाही.

पाण्यात उतरल्यावर पहिल्या चार फेऱ्या केवळ तपासणीच्या समजाव्यात. भिंतीला जोरात पाय मारून निघताना यंत्र हलते का, श्वास घेताना पट्टी मानेला घासते का, हे पाहावे. डोके वर उचलून पोहणाऱ्यांच्या मानेला पट्टी टोचते. हा दोष यंत्राचा नसून पोहण्याच्या ढबीचा असतो, आणि डोके खाली राहावे याची आठवण म्हणून तो सोसण्याजोगा आहे. आवाजाची पातळी काठावर असतानाच, डोके पाण्यात घालून ठरवावी आणि पुढे बटणांना हात लावू नये. हाडांतून आलेला आवाज कानांना इजा करीत नाही असा एक गैरसमज आहे. कंपने शेवटी त्याच अंतःकर्णात जातात, तेव्हा तिथल्या ऐकण्याच्या नाजूक केशपेशी दोन्ही मार्गांनी सारख्याच झिजतात.

तलावावरचे वागणे

काही तलावांवर असे यंत्र लावू देत नाहीत. हा नियम जाचक वाटला तरी त्याला कारण आहे: कान बंद असलेल्या माणसाला जीवरक्षकाची शिट्टी ऐकू येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी जीवरक्षकाला यंत्र दाखवावे, त्याची परवानगी घ्यावी आणि बॅच संपल्यावर पाण्यात हात हलवून किंवा लेनच्या दोरीला झटका देऊन खूण करण्याची विनंती करावी. दर चार फेऱ्यांनी भिंतीशी थांबून एकदा काठाकडे पाहण्याची सवय ठेवावी. एका लेनमध्ये तीन-चार जण गोल पोहत असतील तर मागून येणाऱ्याने पायाला बोट लावले की त्याला वाट द्यावी, कारण त्याची हाक आपल्यापर्यंत पोहोचणार नाही. मे महिन्यात सुट्टीची मुले कुठूनही उड्या टाकत असतात. त्या गर्दीच्या बॅचमध्ये यंत्र घरीच बरे.

ज्याला अजून न थांबता २०० मीटर पोहता येत नाही त्याने आधी स्वतःचा श्वास ऐकायला शिकावे. समुद्रात, नदीत किंवा विहिरीत एकट्याने पोहताना कान बंद करू नयेत. होडीचे इंजिन ऐकू येणे ही तिथली गरज आहे. स्पर्धेत या यंत्राला जागा नाही. कानाच्या पडद्याला छिद्र असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कान वाहत असेल तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला विचारल्याशिवाय पाण्यातच उतरू नये, मग ऐकण्याची गोष्ट दूरच.

पोहून झाल्यावर

यंत्र नळाच्या गोड्या पाण्याखाली धरून क्लोरीन धुऊन काढावे, झटकावे आणि मऊ कापडाने पुसावे. चार्जिंगचे धातूचे टोक हा त्याचा सर्वांत दुबळा भाग आहे. ते ओले असताना चार्जर लावला तर त्यातून वाहणारी वीज आणि क्षार मिळून धातू खातात, आणि काही महिन्यांत हिरवट थर चढून यंत्र चार्ज होईनासे होते. म्हणून घरी आल्या आल्या चार्जरला लावू नये. पंख्याखाली दोन-तीन तास उघडे ठेवावे, पावसाळ्यात रात्रभर. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली वाळवू नये, त्याने सांध्यांवरचे रबर कडक होते. ओल्या पोहण्याच्या कपड्यांबरोबर बंद पिशवीत ते तासन्‌तास राहू देऊ नये.

इअरप्लगही साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण दमट हवेत कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही. कानात काडी घालून पाणी टिपण्याऐवजी डोके एका बाजूला कलते करून कानाची पाळी हलक्या हाताने ओढावी. पाणी आपसूक निघते. यंत्र पूर्ण वाळले की ते संगणकाला जोडावे; चार्जिंग होईपर्यंत ऐकून झालेले भाग पुसून पुढचे चढवता येतात, आणि सकाळी घाईत कोणता भाग कुठे होता हे शोधत बसावे लागत नाही.